पाठमोरी

यंदाच्या सुट्टीत मी दर रविवारी टीव्हीवर दिसत होते आणि मला कुणीही ओळखलं नाही. लोकांचा दोष नाही. दिसत होती ती माझी पाठ होती, आणि तीसुद्धा मावशीची म्हणून.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिचा प्रवासाचा कार्यक्रम माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. गावोगाव हिंडायचं, गल्लीबोळांतून चालायचं, पायऱ्या चढायच्या, वर पोचलं की कॅमेऱ्याकडे वळून बोलायचं. लोकांना तिचं बोलणं आवडतं, पण त्याहून जास्त तिचं चालणं आवडतं. मागून घेतलेलं. पिवळा स्कार्फ, पाठीवर छोटी सॅक आणि समोर लांबवर गेलेला रस्ता. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, चढ-उतार बंद. आता जी बाई टीव्हीवर चढण्यासाठीच प्रसिद्ध आहे तिने काय करायचं? आधी चॅनेलवाल्यांनी ऑफिसातल्या एका मुलीला स्कार्फ घालून चालवून बघितलं, तर प्रेक्षकांनी लगेच कळवलं की ताईंची तब्येत बरी नाही वाटतं, चाल बदलली. मग कुणाला तरी माझी आठवण झाली.

आमच्या घरातल्या बायका सगळ्या एकसारख्या चालतात. डावा खांदा जरा उतरता, आणि काही काम नसलं तरी घाईत. माझी उंचीही मावशीएवढीच भरली होती. आई म्हणाली, "जा, तेवढंच जग बघशील." मी गेले.

तर जगाबद्दल सांगते. जग म्हणजे गाडीची मधली सीट, मांडीवर दिव्यांची पेटी, आणि खिडकीशी दिग्दर्शक, कारण त्याला गाडी लागते. जग म्हणजे ढग जायची वाट बघणं. जग म्हणजे हॉटेलची खोली, जिचा पडदा आदल्या गावातल्या खोलीच्या पडद्यासारखाच असतो आणि नळ उघडला की आधी खोकतो. चालायचं असतं घडीभर, बाकी दिवसभर बसून राहायचं. आणि चालताना एकच नियम, मागे वळायचं नाही. मागून काही पडल्याचा आवाज आला तरी नाही, कुत्रं भुंकलं तरी नाही. माझ्या मैत्रिणी मेसेज करायच्या, 'मज्जा आहे बुवा एका माणसाची!' मी त्यांना समुद्राचे फोटो पाठवायचे आणि परत दिव्यांच्या पेटीवर डोकं टेकवून झोपायचे.

सगळे मला 'पाठमोरी' म्हणायचे. "पाठमोरी कुठाय? बोलवा तिला, ऊन चाललंय." मी यायचे, स्कार्फ बांधायचे, चालायचे, परत यायचे, परत चालायचे. एका गल्लीतून मी इतक्यांदा गेले की कोपऱ्यावरचा शिंपी शेवटी म्हणाला, "मुली, काही हरवलंय का तुझं?"

आणि या सगळ्यात भर म्हणून मला कॅमेरावाला आवडायला लागला.

नुकताच कॉलेजातून बाहेर पडला होता. कपाळावर केस, कानात सतत हेडफोन, आणि काम करताना जीभ थोडीशी बाहेर. यात आवडण्यासारखं काय, असं विचारू नका. मी स्वतःला पुष्कळ विचारून बघितलं. पहिल्याच दिवशी मावशीने ओळख करून दिली, "हा बघ तुझा दादा. काही लागलं तर दादाला सांगायचं." झालं. त्या एका शब्दाने माझं वाटोळं केलं. पुढे जेव्हा जेव्हा त्याच्याशी बोलायची वेळ आली तेव्हा तेव्हा मला आधी 'दादा' म्हणावं लागायचं, आणि दर वेळी तोंडात औषधाची गोळी विरघळल्यासारखं व्हायचं.

मला याआधीही मुलं आवडलेली आहेत. एक वर्गातला, एक पोहायला शिकवणारा, आणि एक तर बसमध्ये एकदाच दिसलेला. पण ते सगळे फावल्या वेळात आवडायचे. हा चोवीस तास समोर. लोकांना वाटतं या वयात असं कुणी आवडणं म्हणजे गुदगुल्या. मला विचाराल तर ती नोकरी आहे. तो कुठे बसलाय, कुणाशी हसला, आपण खाताना त्याने बघितलं का, बघितलं तर तेव्हा दातात काही अडकलं होतं का, हे सगळं लक्षात ठेवायचं आणि वर चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. साप्ताहिक सुट्टीसुद्धा नाही. रात्री अंथरुणावर पडले की मी चालून दमायचे त्यापेक्षा याने जास्त दमलेली असायचे.

त्यातली गंमत बघा. तो दिवसभर माझ्याकडेच बघायचा. ते त्याचं कामच होतं. पण मागून. एकदा म्हणाला, "मस्त चालतेस गं तू." ते वाक्य मी पुढचं गाव येईपर्यंत पुरवून पुरवून वापरलं.

रविवारी कार्यक्रम लागला की हॉटेलच्या खोलीत मावशी आणि मी तो बघायचो. मावशी पलंगावर पाय लांब करून, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. मी फोनवर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचायचे. तिला वाचून दाखवण्यासारख्या फार नसायच्या. 'मॅडम अजून किती तरुण चालतात!' ही मी मोठ्याने वाचायचे. 'पण चेहरा आता उतरला, जवळून नका दाखवू' ही मी गिळून टाकायचे. दोन्ही बहुतेक एकाच माणसाच्या असायच्या. म्हणजे कौतुक माझ्या पाठीचं आणि टीका तिच्या तोंडाची. मला दोन्हीचा सारखाच वैताग यायचा.

जवळून दाखवणं खरंच कमी होत चाललं होतं. सुट्टी सुरू झाली तेव्हा मी फक्त चढ चढत होते. हळूहळू सपाटीही माझ्याकडे आली. मग नावेत बसलेली पाठ, पुलावर उभी असलेली पाठ, खिडकीतून बघणारी पाठ. मावशीचा आवाज मात्र सगळीकडे. ती दिसायची ती सुरुवातीला घटकाभर आणि शेवटी घटकाभर, तेही कॅमेरा लांब ठेवून.

त्याच चॅनेलवर खाण्याचा कार्यक्रम करणारे एक मिशीवाले काका आहेत. मावशीपेक्षा मोठे. मिशी पांढरी झाली, पोट पुढे आलं, त्यांचेही गुडघे गेले. त्यांना चॅनेलने खुर्ची दिली. चांगली वेताची, मोठ्या पाठीची. आता ते जातील तिथे ती खुर्ची जाते आणि तिला त्यांची खास शैली म्हणतात. मी मावशीला विचारलं, "तुला का नाही देत खुर्ची?"

"मी बसले तर म्हातारी दिसेन म्हणे," मावशी म्हणाली आणि पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

मला राग आला. तिला आला नाही, किंवा येऊन येऊन झिजला असेल.

शेवटचा भाग दीपगृहाचा होता. खाडीच्या तोंडाशी पांढरं उंच दीपगृह, आत गोल गोल जिना, वर कठडा असलेली गच्ची. नेहमीची पद्धत ठरलेली होती. मी चढणार, गच्चीवर जाऊन कठड्यापाशी उभी राहणार. मग मावशीला खालीच एका उंचवट्यावर उभं करून, कॅमेरा जमिनीलगत ठेवून, मागे नुसतं आभाळ घेऊन तिचं बोलणं घ्यायचं. बघणाऱ्याला वाटतं ती वरच आहे. अशी ती सबंध सुट्टीत किल्ल्यावर, टेकडीवर आणि एका घंटाघरावर जमिनीवरून जाऊन आली होती.

त्या दिवशी सकाळी नाश्त्याला मावशी यायच्या आधी दिग्दर्शक माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "आज वर गेलीस की कठड्यापाशी थांब. दादा सांगेल तेव्हा वळ. छान हसायचं आणि एकच वाक्य म्हणायचं, 'चला, आता नव्या वाटेने.' बस."

"वळायचं नाही असा नियम आहे ना?"

"आज वळायचं." त्याने पावाला लोणी लावता लावता खाली बघूनच सांगितलं. "चॅनेलला नवीन चेहरा हवाय. कशाला बाहेर शोधायचा? चाल प्रेक्षकांच्या ओळखीची आहेच."

"मावशीला माहीत आहे?"

"सांगू ना. सावकाश सांगू."

कॅमेरावाला शेजारी चहा घेत होता. तो म्हणाला, "घाबरू नकोस, चेहरा चांगला आहे तुझा. उजेड छान घेतो."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोटातून झाला. इतके दिवस ज्याने माझं फक्त डोकं आणि सॅक बघितली होती त्याला माझं तोंड चांगलं वाटत होतं. मी तो आनंद घेऊन जिन्यातल्या आरशापर्यंत गेले, केस नीट केले, आणि आरशातच मला मावशी मागून येताना दिसली. कठड्याला धरून, एकेक पायरी. मला बघून हसली आणि म्हणाली, "आज शेवटचा दिवस गं. सुटलीस बाई तू."

तिथेच, हॉटेलच्या जिन्यात, मी तिला सगळं सांगून टाकलं. सावकाश वगैरे मला जमत नाही.

मावशी तशीच खाली उतरली. नाश्ता केला. गाडीत बसली. दुपारी दीपगृहाशी उतरल्यावर मात्र दिग्दर्शकाला म्हणाली, "आज मी वर जाऊन बोलणार."

"ताई, कशाला उगाच? खाली घेऊ की नेहमीसारखं."

"शेवटचंच बोलायचंय ना? मग वर जाऊन बोलते. आपल्या पायांनी. त्यानंतर तुम्हाला जिला वळवायचं तिला वळवा."

त्याने माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली. मला वाटलं आता वादावादी होईल. पण तो म्हणाला, "बरं. तुमची इच्छा." मग कॅमेरावाल्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. कॅमेरावाल्याने मान डोलावली, सामान खांद्यावर टाकलं आणि भराभरा वर निघून गेला. दिग्दर्शक खालीच खुर्ची टाकून बसला. खुर्ची होती तर मग.

आम्ही चढायला लागलो. मावशीचा एक हात भिंतीला, एक माझ्या खांद्यावर. थोडं चढायचं, मग खिडकीच्या कोनाड्यात बसायचं. तिच्या ओठांवर घाम आला होता आणि चेहऱ्यावरची पावडर मानेपर्यंत ओघळली होती. जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता.

"तुला तो आवडतो ना?" तिने मधेच विचारलं.

"कोण तो?"

"बाई गं, मी आंधळी आहे का? दादा म्हणताना तुझं तोंड कसं होतं ते बघितलंय मी."

"तूच म्हणायला लावलंस!"

"मुद्दामच लावलं." ती हसली, मग हसल्याने दम लागला म्हणून थांबली. "मलाही माझा पहिला कॅमेरावाला आवडायचा. वाटायचं, हा किती टक लावून बघतो आपल्याकडे. किती वर्षं मी त्याच्यासाठी रंग बघून साड्या नेसले. पुढे त्याच्या लग्नात गेले, तर माझी ओळख करून देताना म्हणतो कसा, यांच्या उजव्या बाजूने उजेड घ्यावा लागतो."

मला हसू आवरेना. तिलाही. दोघी त्या कोनाड्यात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग ती गुडघा दाबत उठली आणि म्हणाली, "चल. गार पडला तर हा परत वाकायचा नाही."

वर पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. गच्चीवर वारा इतका की स्कार्फ तोंडावर यायचा. कॅमेरावाल्याने तिवई लावून ठेवली होती. मावशीच्या कॉलरला त्याने माइक लावून दिला. ती कठड्याला पाठ टेकून उभी राहिली, केसांवरून हात फिरवला आणि दम खाली बसेपर्यंत थांबली. मी चित्रात येऊ नये म्हणून दाराशी, कॅमेऱ्याच्या थोडी पुढे.

"घ्या ताई," तो म्हणाला.

त्या कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला, काचेच्या वर, एक बारीक लाल दिवा आहे. चित्रण सुरू झालं की तो लागतो. मी नेहमी पाठमोरी, त्यामुळे तो मला कधी दिसायचाच नाही. त्या दिवशी समोर होता. आणि तो लागलेला नव्हता.

आधी मला वाटलं, विसरला. मी त्याच्याकडे बघितलं. तो विसरलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. मान खाली, डोळा कॅमेऱ्याला, हात बटणापासून दूर, पँटच्या खिशात. मग मला खाली त्याने मान डोलावली होती ते आठवलं. बोलू दे बाईला, मनाचं समाधान, बॅटरी कशाला वाया घालवायची.

"मावशी, थांब," मी म्हणाले. "दिवा लागला नाहीये."

"माहीत आहे मला." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "तुझ्या वयाहून जास्त वर्षं त्या दिव्याकडे बघत आलेय."

"मग?"

"मग काय? एवढी चढून आले आणि बोलायचं नाही? गप्प उभी राहा तिथे."

आणि ती बोलायला लागली. सरळ त्या काचेत बघून, हात हलवत, मधे थांबून, हसून, जशी दर रविवारी बोलते तशी. पूर्ण. माझ्या कानशिलात रक्त ठणठण वाजत होतं. मी तिचं बोलणं संपेपर्यंत त्या न लागलेल्या दिव्याकडे आणि त्या खिशातल्या हाताकडे बघत होते. असं वाटत होतं की मी नुसतं बघून तो हात बाहेर काढेन. तो निघाला नाही. फक्त त्या मुलाचे कान हळूहळू लाल होत गेले, हेडफोनच्या कडेपर्यंत.

मावशीचं झालं. तिने दोन्ही हात जोडले, निरोप घेतला, माइक स्वतःच काढला आणि त्याच्या हातात दिला. "थँक्यू बाळा," म्हणाली. त्याला वर बघता आलं नाही.

मग त्याने बघितलं ते माझ्याकडे. कॅमेरा बाजूला ठेवून, नुसत्या डोळ्यांनी, पहिल्यांदाच. कसंनुसं बघितलं. घसा साफ करून म्हणाला, "आता तू ये. स्कार्फ नीट कर. मी सांगितलं की वळ."

"आता लागेल का दिवा?"

त्याने तिवईचा स्क्रू उगाच पिळला.

मी स्कार्फ सोडला आणि त्याच्या गळ्यात टाकला. "तूच वळ, दादा," मी म्हणाले. आणि 'दादा' म्हणताना मला काहीसुद्धा झालं नाही. इतकं हलकं वाटलं की बस्स. एक नोकरी सुटली.

उतरणं चढण्याहून वाईट असतं हे मला तेव्हा कळलं. उतरताना सगळं वजन गुडघ्यावर येतं. मावशी माझ्या खांद्यावर भार टाकून, दर पायरीला श्वास रोखून उतरत होती. वरून खटखट सामान आवरल्याचे आवाज येत होते.

"वळायचं होतंस," ती म्हणाली. "तू नाही वळलीस तर दुसरी कुणीतरी वळेल. माझं काही वाचत नाही त्याने."

"वळू दे दुसरीला."

"तुला आवडलं असतं."

"हो, आवडलं असतं," मी म्हणाले, कारण ते खरंच होतं. "पण आता मला झोपायचंय. आठवडाभर."

"मलाही," मावशी म्हणाली.

अर्ध्यावर आलो तेव्हा ती पायरीवरच बसली, पाय खालच्या पायरीवर सोडून. थोडा वेळ गुडघे चोळले. मग माझ्याकडे न बघता, जरा लाजल्यासारखं तिने विचारलं, "बरं झालं का गं?"

"काय?"

"बोलणं. वर बोलले ते."

मी 'छान' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मी त्यातला एक शब्दही ऐकला नव्हता. ती बोलत होती, मी चार पावलांवर उभी होते, आणि सगळा वेळ दिव्याकडे बघत होते.

"मावशी," मी म्हणाले, "मी ऐकलंच नाही गं. माझं लक्ष नव्हतं."

तिने वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रागावेल. रागावली असती तरी चाललं असतं.

"परत बोल ना," मी म्हणाले आणि तिच्या समोर, खालच्या पायरीवर, तिच्याकडे तोंड करून बसले.

मावशीने घसा खाकरला. मानेवरची पावडर हाताने पुसली, पाठ ताठ केली.

"नमस्कार," ती म्हणाली. "गेले बरेच रविवार तुम्ही जिला चालताना बघताय ना, ती मी नाही. माझे पाय गेलेत. ती माझी भाची आहे. आत्ता इथे दाराशी रुसून उभी आहे. तिचा चेहरा तुम्ही अजून बघितलेला नाही, आणि तिची इच्छा नसेल तर तो तुम्हाला दिसणारही नाही. पण सुंदर चालते ना हो?"